वर्डप्रेसवर ताजे लेख लेखकांनुसार कसे मांडावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे: संकेतस्थळ वर्डप्रेसवर चालते, त्यावर चौदा जण कमीअधिक नियमाने लिहितात, आणि मुखपृष्ठावर प्रत्येकाच्या नावाखाली त्याचे ताजे तीन लेख दिसावेत अशी अपेक्षा आहे. त्यासाठी ‘डब्ल्यूपी_क्वेरी’ला, म्हणजे डेटाबेसमधून लेख मागवणाऱ्या वर्डप्रेसच्या सोयीला, आधी लेखकानुसार आणि मग तारखेनुसार क्रम लावायला सांगितले, तर दोनच लेखकांचे लेख आले आणि बाकीचे बारा जण गायब झाले. असे का झाले, आणि योग्य मार्ग कोणता?

यात वर्डप्रेसचे काही चुकलेले नाही. ‘ऑर्डरबाय’ या क्रम ठरवणाऱ्या आर्ग्युमेंटमध्ये लेखक आणि तारीख असा क्रम दिला की डेटाबेस सगळे प्रकाशित लेख त्या क्रमाने एका लांब रांगेत उभे करतो आणि रांगेच्या सुरुवातीचे दहा लेख देऊन थांबतो, कारण एका पानावर किती लेख दाखवायचे याच्या सेटिंगमध्ये दहा हा आकडा मुळातच भरलेला असतो. पहिल्या खात्यावर सहाच लेख असतील, तर उरलेल्या चार जागा दुसऱ्या खात्याला मिळतात आणि मर्यादा तिथेच संपते. शिवाय हा क्रम नावांचा नसतो. लेखांच्या टेबलात ‘पोस्ट_ऑथर’ नावाचा जो रकाना आहे, त्यात लेखकाचे नाव नसून वापरकर्त्याचा क्रमांक असतो, म्हणजे क्रम चढता असेल तर ज्याचे खाते आधी उघडले गेले तो रांगेत आधी येतो. मर्यादा संपूर्ण यादीला लागते, प्रत्येक लेखकाला वेगळी लागत नाही, ही गोष्ट नीट लक्षात आली की पुढचे सगळे सोपे होते.

‘लेखकांनुसार ताजे लेख’ या एकाच वाक्यात तीन वेगवेगळ्या मागण्या दडलेल्या असतात आणि पडद्यावर त्या जवळपास सारख्याच दिसतात. पहिली मागणी अशी की, संकेतस्थळावरचे शेवटचे तीस लेख घ्या आणि त्यांची लेखकवार विभागणी करा. दुसरी अशी की, प्रत्येक लेखकाचे शेवटचे तीन लेख द्या, मग त्यातला एखादा दोन वर्षांपूर्वीचा असला तरी चालेल. तिसरी अशी की, प्रत्येकाचा फक्त सर्वांत नवा लेख द्या. आपल्याला दुसरी हवी आहे, परंतु संपादकांशी बोलून याची एकदा खात्री करून घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन. माझ्या अनुभवात या प्रकारच्या कामातला निम्म्याहून अधिक वेळ चुकीच्या मागणीचे उत्तर अचूक लिहिण्यात वाया जातो.

कोडला हात लावण्यापूर्वी आणखी एक गोष्ट तपासावी, आणि मराठी संकेतस्थळांवर तर ती हमखास तपासावी. ‘पोस्ट_ऑथर’मध्ये ज्याचा क्रमांक आहे, तोच खरोखर लेखाचा लेखक आहे का? आपल्याकडे दिवाळी अंक किंवा साप्ताहिक संकेतस्थळावर चढवताना सगळे लेखन एकाच माणसाच्या खात्यातून जाते. लेखक ईमेलने मजकूर पाठवतो, कार्यालयातली व्यक्ती तो ‘संपादक’ किंवा ‘अॅडमिन’ या खात्यातून प्रकाशित करते, आणि लेखकाचे नाव मजकुराच्या पहिल्या ओळीत ठळक अक्षरांत टाइप केलेले असते. वाचकाला त्यात काही खटकत नाही, परंतु डेटाबेसच्या दृष्टीने पाचशे लेखांचा लेखक एकच असतो. अशा संकेतस्थळावर कितीही निर्दोष क्वेरी लिहिली, तरी एकाच नावाखाली सगळे गोळा होणार. आधी प्रत्येक लेखकाचे खाते उघडावे, लेखांच्या यादीत त्याचे लेख निवडून एकगठ्ठा संपादनाने लेखक बदलावा, आणि मगच पुढे जावे. पाचशे लेखांना हे काम दोन-तीन दिवसांचे आहे, कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. एका लेखाचे दोन लेखक असण्याचा प्रकार वारंवार होत असेल, तर मूळ वर्डप्रेसमध्ये त्याची सोय नाही, कारण त्या रकान्यात एकच क्रमांक मावतो. त्यासाठी ‘को-ऑथर्स प्लस’सारखे प्लगइन लागते. ते लेखकांची नोंद वर्गीकरणाच्या स्वरूपात ठेवते, त्यामुळे मग क्वेरीही लेखकाच्या क्रमांकावर न चालवता त्या वर्गीकरणावर चालवावी लागते.

आता कोडकडे वळू. लेखक चार-पाचच असतील आणि सहसा बदलत नसतील, तर कोडची गरजच नाही. ब्लॉक संपादकात ‘क्वेरी लूप’ हा ब्लॉक घ्यावा, पानाची मूळ क्वेरी वापरण्याचा पर्याय बंद करावा, लेखक म्हणून एक नाव निवडावे, संख्या तीन ठेवावी, आणि त्या ब्लॉकच्या प्रती करून प्रत्येकीत लेखक बदलावा. चौदा लेखकांना मात्र हे परवडत नाही. नवा लेखक आला की कोणीतरी आठवणीने पंधरावा ब्लॉक घालायला हवा, आणि अशा आठवणीवर विसंबून राहू नये.

पहिली मागणी, म्हणजे शेवटच्या तीस लेखांची विभागणी, एका क्वेरीत होते. लेख तारखेच्या उलट्या क्रमाने आणावेत आणि पीएचपीमध्ये, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे तिच्यात, एक अॅरे (यादी) करून प्रत्येक लेख त्याच्या लेखकाच्या क्रमांकाखाली ठेवत जावा. लेख मुळात नव्याकडून जुन्याकडे येत असल्याने ज्याने सर्वांत अलीकडे लिहिले त्याचा गट आपोआप पहिला तयार होतो, वेगळा क्रम लावावा लागत नाही. यात चिकटवलेल्या (‘स्टिकी’), म्हणजे कायम वर ठेवलेल्या, लेखांकडे मात्र लक्ष द्यावे. क्वेरीत लेखक, वर्ग अशी कोणतीही अट नसेल, तर वर्डप्रेस तिला मुखपृष्ठाची क्वेरी समजते आणि चिकटवलेले जुने लेख सर्वांत वर आणून ठेवते. तेव्हा ‘इग्नोर_स्टिकी_पोस्ट्स’ खरे करावे. ही पद्धत बातम्यांच्या संकेतस्थळाला योग्य आहे. आपल्याकडे मात्र रोज लिहिणारा एक जण असला की तीसपैकी अठरा जागा तोच अडवतो आणि महिन्यातून एकदा मन लावून लिहिणारी लेखिका मुखपृष्ठावर कधी दिसतच नाही. ड्रुपल या वर्डप्रेससारख्याच प्रणालीच्या ‘व्ह्यूज’मध्ये गट पाडण्यासाठी जे फील्ड निवडता येते, तेही असेच, आलेल्या ओळींचेच गट पाडते, म्हणून तिथेही हाच अनुभव येतो.

दुसऱ्या मागणीचा, म्हणजे आपल्या मागणीचा, सरळ मार्ग असा. ‘गेट_यूजर्स’ने लेखकांची यादी घ्यावी आणि प्रत्येकासाठी एक छोटी ‘डब्ल्यूपी_क्वेरी’ चालवावी, जिच्यात लेखकाचा क्रमांक, संख्या तीन, प्रकार ‘पोस्ट’ आणि स्थिती ‘पब्लिश’ एवढे दिलेले असेल. चौदा लेखकांच्या चौदा क्वेरी ऐकायला जड वाटतात, परंतु लेखकाच्या रकान्यावर वर्डप्रेसने मुळातच इंडेक्स, म्हणजे झटपट शोधाची सूची, ठेवलेला आहे आणि प्रत्येक क्वेरी तीनच ओळी मागते. साध्या शेअर्ड होस्टिंगवरही हा भार नगण्य असतो. ‘नो_फाउंड_रोज’ खरे करून ठेवले, की पृष्ठांकनासाठी एकूण किती लेख आहेत हे मोजण्याचा खटाटोपही वाचतो, कारण इथे पृष्ठांकन नाहीच.

या सरळ मार्गावर दोन ठिकाणी माणूस अडखळतो. पहिले ठिकाण लेखकांच्या यादीचे. जुन्या लेखांमध्ये ‘हू’ या आर्ग्युमेंटला ‘ऑथर्स’ अशी किंमत द्यायला सांगितलेले आढळेल, पण ते ५.९ या आवृत्तीपासून कालबाह्य ठरवले आहे. त्याऐवजी ‘हॅज_पब्लिश्ड_पोस्ट्स’ वापरावे, आणि त्याला नुसते ‘खरे’ न देता ‘पोस्ट’ हा प्रकार असलेला अॅरे द्यावा. नुसते ‘खरे’ दिले तर सर्व सार्वजनिक प्रकार धरले जातात. मग ज्या माणसाने केवळ ‘संपर्क’ हे पान तयार केले, तोही लेखकांच्या यादीत येतो आणि मुखपृष्ठावर त्याच्या नावाचा मथळा खाली काहीच नसताना उभा राहतो.

दुसरे ठिकाण अधिक गंभीर आहे. स्थिती स्पष्टपणे दिली नाही, तर लॉग-इन केलेल्या माणसाला त्याच्या अधिकारानुसार खासगी लेखही ‘डब्ल्यूपी_क्वेरी’ परत करते. एकट्यापुरते ते ठीक आहे, पण आपण पुढे निकाल कॅशेमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवणार आहोत. संपादकांनी सकाळी लॉग-इन करून मुखपृष्ठ उघडले आणि त्याच क्षणी कॅशे भरला गेला, तर खासगी लेखाचे शीर्षक दिवसभर सगळ्या जगाला दिसेल. म्हणून ‘पोस्ट_स्टेटस’ला ‘पब्लिश’ ही किंमत देणे हा या कोडमधला अनिवार्य भाग समजावा.

आता तिसऱ्या मागणीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपण कदाचित उद्या त्या वाटेला जाल आणि तिथला खड्डा दिसत नाही. प्रत्येक लेखकाचा एकच, सर्वांत नवा लेख हवा म्हटले, की कोणालाही एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतले ‘ग्रुप बाय’ आठवते. वर्डप्रेसमध्ये ‘पोस्ट्स_ग्रुपबाय’ हा फिल्टरही आहे. तिथे लेखकाचा रकाना दिला, क्रम तारखेचा उलटा ठेवला, की प्रत्येक लेखकाचा एक-एक लेख पानावर येतो, त्रुटीचा संदेश येत नाही, आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात गट आधी पडतात आणि क्रम नंतर लागतो. गट पाडताना त्यातला कोणता लेख उचलायचा हे डेटाबेस स्वतःच्या सोयीने ठरवतो, आणि बहुतेक वेळा तो सर्वांत जुना लेख असतो. नंतर लागणारा क्रम त्या जुन्या लेखांनाच आपापसात लागतो.

मायएसक्यूएल या वर्डप्रेसच्या नेहमीच्या डेटाबेसच्या ५.७ या आवृत्तीपासून सर्व्हर अशी क्वेरी मुळातच नाकारतो आणि १०५५ क्रमांकाची त्रुटी देतो. परंतु वर्डप्रेस डेटाबेसशी जोडणी करतानाच ‘ओन्ली_फुल_ग्रुप_बाय’ हा काटेकोर नियम आपल्या जोडणीपुरता काढून टाकते, कारण जुनी असंख्य प्लगइन्स त्याशिवाय बंद पडली असती. परिणामी तीच क्वेरी पीएचपीमायअॅडमिन या डेटाबेस हाताळण्याच्या साधनात चिकटवली तर त्रुटी येते आणि वर्डप्रेसमधून चालवली तर चुकीचे उत्तर निमूटपणे मिळते. मी स्वतः एका साप्ताहिकाच्या संकेतस्थळावर ही चूक केली होती. तीन आठवडे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण शीर्षके सगळी खरी होती, दुवे चालत होते, चौकटीत तारीख छापलेली नव्हती. शेवटी एका ज्येष्ठ स्तंभलेखिकेने दूरध्वनी करून विचारले की, त्यांनी अगदी सुरुवातीला लिहिलेला लेख ‘ताजे’ या मथळ्याखाली का दिसतो आहे. तेव्हापासून अशा चौकटीत मी लेखाची तारीख छापतोच. ती वाचकाला उपयोगी पडते आणि चूकही लगेच दिसते.

योग्य उपाय दोन आहेत. पहिला जुना आणि सर्वत्र चालणारा: आतल्या क्वेरीत प्रत्येक लेखकाची सर्वांत मोठी तारीख काढावी आणि ती लेखक व तारीख या दोन्हींवर मूळ टेबलाशी जोडावी. यात एकच उणीव आहे. जुना मजकूर एकगठ्ठा आयात केला असेल, तर एकाच लेखकाच्या अनेक लेखांवर सेकंदापर्यंत तीच वेळ पडलेली असते आणि मग त्याचे दोन-तीन ‘सर्वांत नवे’ लेख परत येतात.

दुसरा उपाय विंडो फंक्शनचा. मायएसक्यूएल ८.० आणि मारियाडीबी १०.२ पासून ‘रो_नंबर’ उपलब्ध आहे. त्याला लेखकानुसार विभाग पाडायला आणि प्रत्येक विभागात तारीख उलट, मग लेखाचा क्रमांक उलट, असा क्रम लावायला सांगितले की प्रत्येक लेखाला त्याच्या लेखकापुरता १, २, ३ असा अनुक्रमांक मिळतो. बाहेरच्या क्वेरीत हा अनुक्रमांक १ असलेले लेख घेतले की तिसरी मागणी पूर्ण होते, आणि ३ किंवा त्याहून कमी असलेले घेतले की दुसरी. एकच क्वेरी, चौदा लेखक असोत की चारशे. लेखाच्या क्रमांकाचा दुय्यम क्रम विसरू नये, आयात केलेल्या सारख्या वेळांचा गुंता त्यानेच सुटतो. वर्डप्रेस स्वतः मायएसक्यूएलच्या बऱ्याच जुन्या आवृत्त्यांवरही चालते, म्हणून इतरांना वाटायच्या प्लगइनमध्ये मी हे वापरणार नाही. स्वतःच्या संकेतस्थळासाठी मात्र सर्व्हरची आवृत्ती पाहून खुशाल वापरावे.

या क्वेरीतून फक्त लेखांचे क्रमांक घ्यावेत आणि ते ‘पोस्ट__इन’मध्ये देऊन पूर्ण लेख ‘डब्ल्यूपी_क्वेरी’कडूनच आणावेत, म्हणजे मेटा, वर्ग आणि मुख्य चित्रे यांची माहिती वर्डप्रेस एकत्रितपणे आणते. इथे संख्येची मर्यादा काढून टाकायला, म्हणजे ‘पोस्ट्स_पर_पेज’ उणे एक करायला विसरू नये, नाहीतर पुन्हा तोच दहाचा आकडा आड येतो. क्रमांकांचा अॅरे रिकामा असेल तर पुढे जाऊच नये, तिथूनच परतावे. रिकामा ‘पोस्ट__इन’ दिला की वर्डप्रेस ती अट नसल्यासारखे वागते आणि मर्यादा काढलेली असल्याने संकेतस्थळावरचे सगळेच्या सगळे लेख उपसून देते.

चौदा लेखकांसाठी माझी पसंती साध्या लूपलाच आहे. सहा महिन्यांनी दुसरा कोणी हा कोड उघडेल तेव्हा त्याला तो वाचता आला पाहिजे. लेखकांची संख्या शंभराच्या आसपास गेली की मी विंडो फंक्शनकडे वळेन.

कोणताही मार्ग घेतला तरी निकाल ट्रान्झिएंटमध्ये, म्हणजे वर्डप्रेस ठरावीक मुदतीपुरती जपून ठेवते त्या नोंदीत, ठेवावा. ६.१ या आवृत्तीपासून ‘डब्ल्यूपी_क्वेरी’ आपले निकाल स्वतःहून ऑब्जेक्ट कॅशेत ठेवते हे खरे, परंतु रेडिससारखा टिकाऊ कॅशे जोडलेला नसेल तर तो पान तयार होताच पुसला जातो. ट्रान्झिएंटमध्ये तयार एचटीएमएल न ठेवता लेखक आणि त्याखालील लेखांचे क्रमांक एवढेच ठेवावे, म्हणजे शीर्षक दुरुस्त केले की ते लगेच दिसते. कॅशे पुसण्यासाठी ‘ट्रान्झिशन_पोस्ट_स्टेटस’ या हुकवर, म्हणजे लेखाची स्थिती ठरताना वर्डप्रेस आपले फंक्शन बोलावते त्या जागी, फंक्शन अडकवावे. अनेक जण तिथे ‘आधी प्रकाशित नव्हता आणि आता झाला’ एवढीच अट तपासतात आणि तिथे चुकतात. लेख प्रकाशित असतानाच त्याचा लेखक बदलला, तर जुनी आणि नवी स्थिती दोन्ही ‘पब्लिश’च असतात. हुक तेव्हाही चालतो, पण आपलीच अट त्याला अडवते. म्हणून दोहोंपैकी एक जरी स्थिती ‘पब्लिश’ असेल तरी कॅशे पुसावा. एखाद्या लेखकाचे खाते काढून त्याचे लेख दुसऱ्याकडे वर्ग केले तर हा हुक चालत नाही, त्यासाठी ‘डिलिटेड_यूजर’ हा हुकही धरावा लागतो.

हा सगळा कोड मुख्य थीमच्या फाइलीत लिहू नये, पुढच्या अद्ययावतीकरणात तो पुसला जाईल. छोटे प्लगइन करावे आणि त्यातून एक शॉर्टकोड, म्हणजे पानावर लिहिला की त्या जागी चौकट आणणारा छोटा संकेत, द्यावा. शॉर्टकोडच्या फंक्शनने मजकूर छापायचा नसतो, परत करायचा असतो. छापला तर चौकट पानाच्या मध्ये न येता मजकुराच्या डोक्यावर जाऊन बसते. लूप संपल्यावर ‘डब्ल्यूपी_रीसेट_पोस्टडेटा’ चालवावे, नाहीतर चौकटीखाली येणाऱ्या भागाला शेवटच्या लेखकाचा शेवटचा लेख हाच चालू लेख वाटतो.

राहिला लेखकांचा क्रम. ‘ताजे’ असा मथळा असेल तर ज्याचा लेख सर्वांत नवा तो लेखक वर, हेच वाचकाला अपेक्षित असते. ‘आमचे लेखक’ अशा कायमच्या पानावर मात्र अकारविल्हे क्रम हवा, आणि मराठी नावांना तो आपोआप नीट लागत नाही. युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या आधी आहे, आणि डेटाबेसचे नेहमीचे युनिकोड क्रमही तेच पाळतात. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो. त्यामुळे आडनावांच्या यादीत ‘काळे’ आधी आणि ‘काशीकर’ नंतर लागतात. मराठी शब्दकोश पाहण्याची सवय असलेल्या माणसाला ते तत्काळ खटकते. नावे पीएचपीमध्ये घेऊन ‘इंटल’ या एक्स्टेन्शनमधील ‘कोलेटर’ला मराठीचा ‘एमआर’ हा संकेत देऊन लावावीत, म्हणजे ‘ळ’ योग्य जागी जातो. हे एक्स्टेन्शन प्रत्येक होस्टिंगवर चालू असतेच असे नाही, म्हणून तो क्लास उपलब्ध आहे का हे आधी तपासून घ्यावे. क्रम आडनावावर हवा असेल तर ते ‘लास्ट_नेम’ या मेटामधून घ्यावे, दर्शनी नावाचे तुकडे पाडून घेऊ नये. आपल्याकडे कोणी आडनाव आधी लिहितो, कोणी वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये घालतो, तर कोणी टोपणनावानेच लिहितो.

मथळ्याची शब्दयोजनाही कोडमध्येच ठरते. ‘लेखक:’ असा शब्द लिहून पुढे नाव जोडण्याऐवजी नावाची जागा आधी ठेवून पुढे ‘यांचे लेख’ असे शब्द असलेली एकच अखंड स्ट्रिंग ‘स्प्रिंटएफ’ला द्यावी. नावाला थेट ‘चे’ जोडले तर एकेरी उल्लेख होतो आणि काही नावांचे सामान्यरूपही बिघडते. ‘यांचे’ने स्त्री-पुरुष, एकटा लेखक किंवा दोघे सहलेखक, सगळ्यांचा मान राहतो. हा मथळा खऱ्या मथळ्याच्या टॅगमध्ये, विभागाच्या मथळ्यापेक्षा एक पातळी खाली असावा. पडदावाचक वापरणारे अंध वाचक मथळ्यांवरून उड्या मारत पान वाचतात. चौदा लेखकांची नावे नुसत्या ठळक अक्षरांत असतील, तर त्यांना बेचाळीस दुव्यांची एक सलग यादी ऐकावी लागते आणि कोणता लेख कोणाचा हे कळत नाही.